गळ तयार, गाडीचे काय?

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

दिवाळी आटोपली, नद्यांचे गढूळ पाणी निवळले, की आमच्या बेळगावातल्या कॉलेजकुमारांना पाण्याची ओढ लागते. कोणी हिडकलच्या फुगवट्याला जातो, कोणी मलप्रभेच्या काठी बसतो, कोणी तिलारीकडे उतरतो, आणि ज्यांच्या खिशात चार पैसे जास्त खुळखुळतात ते चोर्ला घाट उतरून थेट गोव्यातली खाडी गाठतात. (पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला धावणारे वेगळेच. त्या माशांच्या पोटात अंडी असतात, तेव्हा त्यांना निदान तेवढे दिवस सुखाने जाऊ द्यावे असे माझे मत आहे. पण तो निराळ्या लेखाचा विषय.)

या सहलीची तयारी कशी चालते ते एकदा पाहण्यासारखे असते. आठ दिवस आधीपासून तंगूस किती जाडीचा घ्यायचा यावर कँटीनमध्ये वादविवाद होतात. गळांची टोके नखावर घासून पाहिली जातात. शिशाचे गोळे, बुचाचे तरंगे, कणकेत शेंगदाण्याची पेंड किती मिसळायची, गांडुळे कोणाच्या परसात मिळतील, सगळ्याचा खल होतो. कन्नड विभागातले आमचे मित्र गळाला ‘गाळ’ म्हणतात. मराठीत गाळ म्हणजे नदीच्या तळाचा चिखल. त्यामुळे “गाळ घेतलास का?” या साध्या प्रश्नावर आमच्यात एकदा बराच गोंधळ झाला होता. गाडीला मात्र दोन्ही भाषांत गाडीच म्हणतात, आणि दुर्दैवाने दोन्ही भाषांत तिच्याकडे सारखेच दुर्लक्ष होते.

शनिवारी रात्री नऊ वाजता कोणाला तरी गाडीची आठवण येते. मग पेट्रोल पंपावर रांग लावायची, टाकी भरायची, हवा मारायला माणूस नसेल तर “उद्या वाटेत बघू” म्हणायचे, की झाली तयारी! ब्रेकविषयी विचारले तर ठरलेले उत्तर मिळते, “उशिरा लागतोय, खरं लागतोय की!”

वाचकहो, या लेखात मला जे म्हणायचे आहे ते मागे बसणाऱ्याच्या बाजूने म्हणायचे आहे. माझी स्वतःची गाडी नाही. आमच्या मंडळीत मी कायमचा मागे बसणारा, आणि वाणिज्य शाखेचा म्हणून वर्गणीचा हिशेब ठेवणारा. या दोन्ही जागांवरून मला एक गोष्ट दिसते. आपण गाडी ही मालकाची खाजगी बाब समजतो. तिच्यावर बसणाऱ्या सर्वांचा जीव तिच्यावर अवलंबून असतो, पण तिच्या प्रकृतीची चौकशी करणे म्हणजे मालकाचा अपमान मानला जातो. हा संकोच आपण सोडून दिला पाहिजे.

कोणी म्हणेल, सरकार आहे ना तपासायला? तर येथेच मोठा गैरसमज आहे. कॉलेजच्या सहलीसाठी जी भाड्याची बस येते तिला योग्यता प्रमाणपत्र लागते, आणि ते ठराविक मुदतीने नवे करून घ्यावे लागते. खाजगी दुचाकीची किंवा मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते. पंधरा वर्षे तिचे ब्रेक, टायर, दिवे कोणीही अधिकारी आपणहून तपासत नाही. मधल्या काळात एकच तपासणी होते ती प्रदूषणाची. त्या प्रमाणपत्राचा कागद दाखवून “गाडी पास आहे” असे सांगणारे मला भेटले आहेत. अहो, तेथे गाडीचा धूर पाहतात, ब्रेक नव्हे! पंधरा वर्षे ही तपासणी करणारा अधिकारी म्हणजे स्वतः मालक, आणि मालक जर बी. ए. भाग दोनमध्ये शिकणारा आमचा मित्र असेल, तर अधिकारी कसा आहे हे तुम्हांला ठाऊकच आहे.

आता घाटाकडे वळू. पिरनवाडी सोडून जांबोटी, कणकुंबीपर्यंतचा रस्ता गाडीला फारसा त्रास देत नाही. खरी परीक्षा पुढे, चोर्ल्यापासून केरीपर्यंत खाली उतरताना. शास्त्र शाखेतल्या एका मित्राकडून मी एक हिशेब करून घेतला. गाडी, दोन माणसे, जेवणाचे डबे व बर्फाची पेटी मिळून अडीचशे किलो धरले, आणि उतार सुमारे सातशे मीटर धरला, तर खाली येईपर्यंत जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते तिच्यात पाच लिटरांहून अधिक पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. यातली काही हवेच्या विरोधात जाते, काही इंजिनात जाते. जो चालक इंजिनाला काही करू देत नाही त्याच्या गाडीत उरलेली सगळी ब्रेकच्या दोन लहानशा पट्ट्यांवर येऊन पडते. त्या पट्ट्या तापल्या की पकड ढिली होते. लीव्हर दाबला जातो, गाडी मात्र थांबत नाही. सपाट रस्त्यावर “उशिरा लागणारा” ब्रेक घाटात न लागणारा ब्रेक होतो, तो असा.

म्हणून गिअरची गाडी ज्या गिअरमध्ये चढवावी लागली असती त्याच गिअरमध्ये उतरवावी, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम अजूनही खरा आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून उतरणारे महाभाग आपल्यात आहेत. त्यांनी वाचवलेले पेट्रोल चहाच्या एका कपाच्या किमतीचे असते. गिअर नसलेल्या स्कूटरची गोष्ट आणखी नाजूक आहे. तिच्यात इंजिनाची ओढ मुळातच कमी. वेग अगदी कमी झाला वा इंजिन बंद केले की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावू लागते. आमच्यातल्या निम्म्याअधिक गाड्या याच जातीच्या आहेत. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना, १२५ सी.सी.पर्यंत दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी व त्यावरील गाड्यांना चाक अडकू न देणारी रचना सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण झिजलेल्या ब्रेक-शूला ती रचना नवे करू शकत नाही.

ब्रेक पाहायला मिस्त्रीच पाहिजे असे नाही. पुष्कळ गाड्यांच्या मागच्या ड्रमवर एक छोटा बाण व एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला पोचला की शू संपले असे समजावे. डिस्क असेल तर पट्टीची जाडी बॅटरीच्या उजेडात दिसते. आणि हँडलवर जी तेलाची छोटी डबी असते तिच्यातले तेल काळपट झाले असेल तर ते बदलावे. ते तेल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की तेल लवकर उकळते, नळीत बुडबुडे होतात व लीव्हर स्पंजासारखा आत जातो. कंपन्या साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. तेल दोन वर्षांनी बदलायचे असते हे आमच्या मंडळींपैकी किती जणांना माहीत आहे? मी विचारून पाहिले; सहांपैकी एकाला. तो एक जण गॅरेजवाल्याचा मुलगा आहे.

टायरविषयी थोडे. टायरच्या कडेला टी.डब्ल्यू.आय. अशी अक्षरे किंवा लहान त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी एक उंचवटा दिसतो. टायर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आला की त्याचे आयुष्य सरले. त्याच कडेवर चार आकडे असतात; २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. चुलत्याच्या अंगणात चार वर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी सहलीसाठी मागून आणताना हे आकडे वाचावेत, कारण रबर न धावताही म्हातारे होते. हवा सकाळी टायर थंड असताना भरावी, आणि मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाला किती जास्त हवी तो आकडा गाडीवर चिकटवलेला असतो. त्या चिठ्ठीवर बहुतेकांनी क्रिकेटपटूंची चित्रे चिकटवली आहेत, हे मी पाहिलेले आहे.

दिवे, हॉर्न, चेन याबद्दल लांबण लावत नाही. मासा पहाटे लागतो म्हणून आपण तीन-चार वाजता निघतो. त्या वेळी घाटात धुके असते. मागचा लाल दिवा चालतो की नाही हे चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसते. एवढे पुरे. बॅटरी मात्र तपासावी. पुष्कळ नव्या गाड्यांना किक नसते, आणि काठावर बसून गाडीच्याच बॅटरीवर दिवसभर मोबाइल भरणारे मित्र प्रत्येक कंपूत असतातच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच मंडळींपैकी दोघे घाट उतरताना वळणावरच्या कठड्यावर आदळले. ब्रेक “उशिरा लागणारा” होता. चालवणाऱ्याला खरचटले. मागे बसलेल्याची मांडी मोडली, रॉड घालावा लागला, एक सेमिस्टर बुडाले आणि वडिलांनी घरासाठी साठवलेले पैसे गेले. गाडीचा विमा होता. पण तो फक्त थर्ड पार्टीचा. कागद घेऊन त्याचे वडील विमा कचेरीत गेले तेव्हा, मागे बसलेल्याची जोखीम या पॉलिसीत येत नाही, असे उत्तर मिळाले. पुढे कज्जा करायची त्यांची ताकद नव्हती.

हे ऐकून मी आमच्या अभ्यासक्रमातल्या विम्याच्या प्रकरणाच्या बाहेर जाऊन थोडे वाचन केले. २००६ व २००८ सालच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे की, केवळ कायद्याने सक्तीच्या असलेल्या पॉलिसीत दुचाकीवर फुकट मागे बसलेला माणूस तिऱ्हाईत म्हणून धरला जात नाही. उलट, सर्वसमावेशक पॉलिसीत मागे बसणाऱ्याचीही जबाबदारी कंपनीवर आहे, असे विमा नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना बजावले. आता पहा, सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. त्यामुळे घरात सगळ्यांची समजूत होते की पाच वर्षे विमा आहे. सर्वसमावेशक भाग बहुधा एका वर्षाचाच असतो, तो पहिल्या वाढदिवसाला संपतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मालक-चालकासाठी पंधरा लाखांचे अपघात-संरक्षण असते, पण नावाप्रमाणेच ते मालकासाठी. म्हणजे ज्या गाडीवर दोघे निघाले, त्यातला एक जण पुष्कळदा उघड्यावर बसलेला असतो, आणि त्याला ते माहीतही नसते. मी स्वतः किती हजार किलोमीटर असा उघड्यावर फिरलो याचा हिशेब मांडायचे मी टाळले आहे.

तेव्हा मागे बसणाऱ्याने निघण्यापूर्वी पॉलिसीचा कागद मागून वाचावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात लाज कसली? बँकेत जामीन राहताना आपण कर्जाचे कागद वाचतो की नाही? तेथे तर फक्त पैसे जाणार असतात.

कागदांचे निघालेच आहे तर, आपल्या सहली एका दिवसात दोन-दोन, कधी तीन राज्यांतून फिरतात. बेळगावात ओळखीचा हवालदार “जा रे, सावकाश जा” म्हणून सोडील. केरीच्या नाक्यावर तुम्हांला कोण ओळखतो? २०१९ च्या दुरुस्तीनंतर विमा नसलेली गाडी चालवल्यास पहिल्या खेपेला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असे कायद्यात आहे. डिजिलॉकरमधले कागद चालतात, पण जंगलातल्या रस्त्यावर मोबाइलला रेंज नसते. कागद आदल्या दिवशीच उघडून पाहावेत, व मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत जवळ ठेवावी. जलाशयावर गळ टाकायचा तर तेथील मासेमारीचा ठेका किंवा परवाना कोणाकडे आहे तेही आधी विचारावे. काठावर जाऊन भांडण करण्यात काय अर्थ?

यावर आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. “हे सगळं करायचं तर पैसे कोण देणार? गाडी माझी म्हणून ब्रेक-शू मीच घालायचे, आणि फिरायचं सगळ्यांनी?” गाडीवाल्या मित्रांची ही तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. आजवर मी जी वर्गणी गोळा करीत आलो तिच्यात पेट्रोल, जेवण, बर्फ, कणीक, इतकेच असे. गाडीची झीज हा खर्च कोणीच धरत नव्हते. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात आम्हांला घसारा शिकवतात. यंत्र वापरले की त्याची किंमत कमी होते, आणि ती घट खर्चात दाखवली नाही तर नफा खोटा दिसतो. आमच्या सहलींचा स्वस्तपणा हा असलाच खोटा नफा होता. ती घट गाडीवाला एकटा सोसत होता, आणि परवडेना तेव्हा ब्रेक-शू पुढच्या महिन्यावर ढकलत होता. शेवटी त्याची किंमत कोणी चुकवली ते वर सांगितलेच आहे.

यंदा आम्ही किलोमीटरला एक रुपया असा गाडीचा वेगळा निधी धरला आहे. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरची सहल झाली तर गाडीमागे सव्वादोनशे रुपये, माणशी साडेबाराशे-पंधराशे नव्हे, तर एकशे बारा रुपये पन्नास पैसे. हे भाडे नव्हे, वाटणी आहे. मालकाला यात कमाई नाही. दोन-तीन सहलींत ब्रेक-शूचे पैसे निघतात. आणि वर्गणी दिली म्हणून मागे बसणाऱ्याला “ब्रेक दाखव” म्हणण्याचा हक्कही मिळतो. गंमत अशी की, निधी सुरू झाल्यावर गाडीवालेच आपणहून गाडी दाखवू लागले. फुकट्याने केलेली चौकशी माणसाला टोचते, भागीदाराने केलेली टोचत नाही.

तपासणी आम्ही बुधवारी करतो, शनिवारी नाही. यालाही कारण आहे. शनिवारी संध्याकाळी मिस्त्रीकडे गर्दी असते. सुटा भाग नसला तर तो “चालंल तेवढं” म्हणून जुनाच परत बसवतो. नवे ब्रेक-शू बसवल्याबरोबर पूर्ण पकड घेत नाहीत, ते दोन-चार दिवस गावात चालवून बसू द्यावे लागतात. नवा टायरही सुरुवातीला निसरडा असतो. शनिवारी रात्री दुरुस्त केलेली गाडी रविवारी पहाटे घाटात नेणे म्हणजे प्रयोगशाळा घाटात नेणे होय. आमचे मिस्त्री मामा तीन भाषांत शिव्या देतात, पण बुधवारी गेले तर एकाच भाषेत देतात, हा एक वेगळा फायदा.

गुरुजनांनाही एक नम्र सूचना करावीशी वाटते. कॉलेजची अधिकृत सहल असली की आपण पालकांच्या सहीचे पत्र घेता, बसचे कागद पाहता. पण आम्हां मुलांच्या खऱ्या सहली रविवारी, आपल्या परवानगीवाचून, दुचाक्यांवरून निघतात हे आपणांसही माहीत आहे. त्या बंद होणार नाहीत. तेव्हा दर सहामाहीला एक शनिवार सकाळ ठरवून कॉलेजच्या सायकल स्टँडवर एखाद्या मिस्त्रीला बोलवावे, आणि मुलांनी आपापल्या गाडीचा बाण, पट्टी, टायर, पॉलिसीची तारीख स्वतः पाहायला शिकावे. एन.एस.एस.च्या शिबिरांत आम्ही दरवर्षी झाडे लावतो. एक सकाळ याच्यासाठी काढायला हरकत नसावी. हेल्मेटवर भाषणे पुष्कळ होतात व ती व्हावीतच, मागे बसणाऱ्याच्या डोक्यालाही ते लागते हेही सांगावे. पण हेल्मेट हे आदळल्यानंतरचे काम करते. आदळूच नये यासाठी काय पाहावे, हे आम्हांला आजवर कोणत्याही व्यासपीठावरून कोणी सांगितलेले नाही.

मागितलेल्या गाडीचा एक प्रश्न उरतो. मामाची, काकांची, शेजारच्या वहिनींची गाडी आणली की ती बुधवारी तपासायला मिळत नाही, कारण ती शनिवारी रात्रीच हाती येते. आमच्यात याच्यावर दोन तट आहेत. काही म्हणतात, निदान ब्रेक व टायर पाहून न्यावी. माझे मत कडक आहे: जी गाडी आधी पाहता येत नाही ती घाटात नेऊ नये, त्या रविवारी हिडकलला जावे, सपाटीचा रस्ता आहे, आणि चिलापी तेथेही लागते. या मतामुळे मागच्या महिन्यात गोव्याचा बेत एकदा रद्द झाला व दोघे माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हते. आता बोलतात. येत्या बुधवारी पाच वाजता मामांच्या गॅरेजवर तीन गाड्या लागायच्या आहेत. दोन आल्या तर चौघे जातील, तीन आल्या तर सहा.